यमुनाची साक्ष

हे मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलेलं नाही, नवऱ्याला नाही, आणि ज्याला सगळं आधीच ठाऊक असतं त्याच्यासमोरही कधी मोठ्याने उच्चारलेलं नाही. रोज रात्री गुडघे टेकले की बाकीची पापं मी भराभर म्हणून टाकते — राग, आळस, नणंदेबद्दलचे वाईट विचार — आणि या एकापाशी आले की आमेन म्हणून उठते. सात वर्षं हेच चाललंय. तुमची माझी ओळख नाही, म्हणूनच बहुधा तुम्हाला सांगवतंय.

माझं इंग्रजी चांगलं आहे. हे आधी सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. वडील मिशनच्या शाळेत कारकून होते. रोज संध्याकाळी इंग्रजी बायबलचं एक पान मोठ्याने वाचायला लावत आणि शेजारी पट्टी ठेवत. पट्टी फारशी लागली नाही. गल्लीत कुणाला इंग्रजीतलं पत्र आलं की ते माझ्याकडे यायचं, चर्चच्या मंडळीत बाहेरचा वक्ता आला की दुभाषी मीच. वासरांत लंगडी गाय शहाणी, हे मलाही कळत होतं — पण गाईला शहाणं म्हटलेलं आवडत होतं, त्याला काय करणार?

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी मंडळीच्या वर्गात शिकवायला लागले. सातपूरच्या बाजूला, चर्चमागच्या दोन खोल्यांत हा वर्ग भरतो. वस्तीतल्या बायकांना हॉटेलात आणि मोठ्या घरांत काम मिळावं म्हणून तिथे शिकवतात. चादर सुरकुती न पडू देता कशी घालायची, काचा कशा पुसायच्या, वॉशिंग मशीन कशी लावायची. शिवाय जे कुणी शिकवत नाही ते सगळं — बँकेचा फॉर्म, फोनवर साहेबाशी बोलणं, लिफ्टमध्ये एकटीनं चढणं. खोटं न बोलता रजा कशी मागावी, हेसुद्धा शिकवायचो. तो तास माझा होता. हसू नका.

चांगलं काम आहे ते. आजही चालू आहे. त्या वर्गातून बाहेर पडलेल्या बायका मला शहरभर भेटतात, गणवेशात, ओळखपत्र गळ्यात घालून, आणि मला बरं वाटतं. मी जे केलं त्याचा डाग त्या कामाला लावू नका. डाग माझा आहे.

आता साक्षीबद्दल सांगायला हवं. आमच्यात साक्ष देण्याची रीत आहे. माणूस उभा राहतो आणि सांगतो — आधी मी असा होतो, मग प्रभूने माझ्यासाठी हे केलं. ऐकून ऐकून त्याचा एक साचा पडून गेलाय. आधी अंधार, मग उजेड. अंधार जितका दाट, तितकं 'हालेलुया' जोरात. ज्याने जन्मात विडीसुद्धा ओढली नाही अशा माणसाच्या साक्षीला लोक घड्याळ बघतात. मीही बघितलंय. चांगल्या माणसाच्या गोष्टीत सांगण्यासारखं असतं तरी काय?

दर हिवाळ्यात पाहुणे यायचे. ज्यांच्या मदतीवर वर्ग चालायचा, ती परदेशातली मंडळी. त्या वर्षी नवरा-बायको दोघंच आले होते, साठीपुढचे, साधे, बोलायला गोड. त्यांना शिकणाऱ्या बायकांना भेटायचं होतं. हॉलमध्ये सगळ्यांसमोर बायका बुजतात, म्हणून ऑफिसच्या लहान खोलीत एकेकीला बोलवायचं ठरलं. आत ते दोघं, ती बाई, आणि दुभाषी म्हणून मी. पाळकसाहेब बाहेर चहा-समोशांचं बघत होते. म्हणजे त्या खोलीत दोन्ही भाषा कळणारं माणूस एकच होतं. लक्षात येतंय ना?

पहिल्या बाईची कहाणी खरोखरच जड होती. ती रडत रडत सांगत गेली आणि मी सांगितली — शब्द नीट निवडून, जिथे थांबायचं तिथे थांबून. पाहुणीने रुमाल डोळ्यांना लावला. मग तिने हात हातात घेतला. त्या बाईचा नाही, माझा. म्हणाली, तुम्ही फार सुंदर बोलता.

ते कौतुक मला किती गोड लागलं, हे तुम्हाला कसं सांगू?

मग यमुना आली. पेठ तालुक्यातली, तिशीतली, अंगाने बारीक, कामाला वाघीण. खुर्चीच्या कडेवर बसली आणि आपल्या धबधब्यासारख्या बोलीत सुरू झाली. "झाडायला त मला लहानपनापासून येतं, त्याचं काय शिकायचं? पन लिफ्टची लय भीती वाटायची. आता नाय वाटत." मग नवऱ्यावर आली. काशिनाथ शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. त्यानेच तिला वर्गात पाठवलं होतं. "सकाळी मला लवकर यायचं ऱ्हातं, त भाकरी त्योच थापतो. लय वाकड्या होतात, पन पोरं खातात." एवढं म्हणून ती हसली आणि पदराने तोंड पुसलं. तिची साक्ष संपली.

पाहुणे माझ्याकडे बघत होते. रुमाल पाहुणीच्या हातातच होता, तयार. आणि माझ्याकडे होतं काय? एक लिफ्ट आणि वाकड्या भाकऱ्या.

मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय की मी ते वर्गासाठी केलं. मदत चालू राहावी, आणखी बायका शिकाव्यात म्हणून. हे खोटं आहे. त्या क्षणी माझ्या मनात वर्ग नव्हता. मला तो रुमाल पुन्हा वर गेलेला हवा होता.

मी म्हणाले, हिचा नवरा दारू पितो — प्यायचा. हिला मारायचा. दोन लेकरं घेऊन ही उपाशीपोटी आमच्या दाराशी आली. इथे ती प्रार्थना करायला शिकली, आणि तिच्या प्रार्थनेने त्याची बाटली सुटली. चार वाक्यं. कुठे अडखळले नाही. यमुना माझ्याकडे बघून हसत होती — तिला वाटत होतं, भाकऱ्यांचंच चाललंय.

रुमाल वर गेला.

आणि एक सांगायचं राहिलं. काशिनाथ दारूला शिवत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पहिल्याच आठवड्यात फॉर्म भरताना यमुनानेच सांगितलं होतं. त्याचा बाप दारूपायी गेला, तेव्हापासून त्याने शपथ घेतलेली. लग्नाच्या वरातीतसुद्धा तो हात लावायचा नाही. गरीब माणसाजवळ अभिमानाने सांगण्यासारखं जे एखादं असतं, ते त्याच्याजवळ हे होतं. नेमकं तेच मी उचललं.

बाहेर आलो तर तो अंगणात उभा होता, यमुनाला न्यायला आलेला. हा तिचा नवरा, एवढं दाखवून पाळकसाहेब पुन्हा चहाकडे वळले, आणि पाहुणे थेट त्याच्याकडे गेले. त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, तू व्यसन सोडलंस, फार मोठी गोष्ट केलीस. काशिनाथने माझ्याकडे पाहिलं — काय म्हणतात? मी म्हणाले, तुम्ही बायकोला शिकवताय याचं त्यांना कौतुक वाटतं. तो लाजला. मान खाली घालून म्हणाला, त्यात काय एवढं?

तिथेच संपलं असतं तर कदाचित मी विसरलेही असते. विसरले असते का? बहुतेक विसरले असते, मी तेवढी हलकी आहे. पण पाहुण्यांना ती साक्ष लिहून हवी होती. मग पाळकसाहेब म्हणाले, इतकी छान साक्ष आहे, आपल्या मराठी पत्रकातही घालू. तेव्हा तरी नको म्हणायचं! मी दोन्ही भाषांत लिहून दिली. यमुनाचा वर्गाच्या गणवेशातला फोटो छापला, खाली तिचं नाव, आणि मजकुरात 'शाळेची व्हॅन चालवणारा तिचा पती' हे शब्द. ते शब्द माझे. तेवढ्याने गोष्ट खरी वाटेल, असं मला वाटलं होतं.

यमुनाला आपल्या नावापलीकडे वाचता येत नव्हतं. ते पत्रक तिने घरी नेलं आणि फळीवर आरशाला टेकवून ठेवलं, फोटो पुढे करून. रविवारी पत्रक मंडळीत वाटलं गेलं. त्याच शाळेतल्या एक बाई आमच्या मंडळीत आहेत. त्यांनी ते व्हॅनच्या मालकाला दाखवलं. त्यांचं काही चुकलं नाही, लहान मुलांचा प्रश्न होता. मालकाने काशिनाथकडून किल्ली घेतली. म्हणाला, आज सोडली म्हणतोस, उद्या पुन्हा धरलीस तर? काशिनाथला कळेचना की हा कशाबद्दल बोलतोय. मग तो घरी गेला आणि त्याने फळीवरचं पत्रक उचलून वाचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं वर्गात आले. मी चादरी मोजत होते. काशिनाथच्या हातात पत्रक चार घड्या घालून धरलेलं होतं. यमुना त्याच्या दोन पावलं मागे. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण चेहरा निवांत होता — कारण ती माझ्याकडे आली होती. टीचर आता सांगतील, म्हणजे संपलं, असा तो चेहरा होता.

त्याने आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "टीचर, हे हिनं सांगितलं का?"

शेजारच्या खोलीत पाळकसाहेब फोनवर बोलत होते. दार उघडं होतं. 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? त्यानंतर मला काय झालं असतं? थोडी लाज, थोडी कुजबुज, दुभाषीपण गेलं असतं. मालकाला एक चिठ्ठी लिहून दिली असती तर कदाचित किल्लीही परत मिळाली असती. हे सगळं मला तेव्हाही दिसत होतं. मी भांबावले नव्हते.

मी म्हणाले, "हो. ती जे बोलली तेच मी इंग्रजीत सांगितलं."

यमुना पुढे आली. "टीचर, मी असं कवा बोलली?"

आणि मी — मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. हे मला अजून सहन होत नाही. हात ठेवून, जणू तिचीच समजूत घालतेय अशा मायेने म्हणाले, "अगं, नव्या लोकांसमोर माणूस बावरतं. काय बोलून गेलो ते लक्षात राहत नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. तिची भाषा समजणारी त्या दिवशी खोलीत मी एकटीच होते, हे तिलाही तेव्हाच उमगलं असावं. काशिनाथने ते पत्रक टेबलावर ठेवलं, मला हात जोडले, आणि बायकोकडे न बघता बाहेर गेला. ती त्याच्या मागोमाग गेली.

त्याने तिला मारलं नाही, टाकलं नाही. मार्केट यार्डात क्रेट उचलायला जाऊ लागला. यमुना वर्गात पुन्हा आली नाही, पण तिची तीच खटपट करून गंगापूर धरणाकडच्या एका हॉटेलात लागली. पत्रकाच्या त्या अंकाबद्दल मला पुढे वर्षभर लोकांनी शाबासकी दिली. ती मी घेतली.

मागच्या महिन्यात यमुना मला द्वारकेच्या चौकात भेटली, बसची वाट बघत. मी तोंड चुकवणार होते, पण तिनेच हाक मारली. आमच्या ख्रिस्ती पद्धतीने "सलाम, टीचर" म्हणाली. आता तिच्या हाताखाली सहा मुली आहेत. मोठा मुलगा आयटीआयला आहे. मग मला गप्प बसवेना, आणि भलतंच विचारलं — काशिनाथ कसा आहे?

"बरा हाय. कामाला जातो, पोरांचं करतो. वरडत नाय कधी." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "फक्त माझ्याम्होरं काय बोलत नाय. पोरांशी बोलतो, माझ्याशी नाय. म्हनतो, तू भायेर सांगशील."

ती मला दोष देत नव्हती. बाजारात कांद्याचा भाव सांगावा तशा आवाजात सांगत होती. सात वर्षांत तिची त्या आवाजापर्यंत मजल गेली होती. आम्ही दोघी तिथे पाच-सात मिनिटं उभ्या होतो. तेवढ्या वेळात मी तिच्याबरोबर बसमध्ये चढू शकत होते, घरी जाऊन त्या माणसासमोर उभी राहू शकत होते. मी विचारलं, धाकटी कितवीत आहे? तिने सांगितलं. बस आली, ती गेली.

तिचं घर मला ठाऊक आहे. माझ्याकडून रिक्षाने वीस मिनिटं लागतात. मी गेलेले नाही, आणि हे लिहून झालं की जाईन, असंही तुम्हाला सांगत नाही. आज सकाळीही तो माणूस बायकोसमोर मुकाट्याने चहा प्यायला असेल. तिने काही केलं नव्हतं. मी केलं होतं.