डबीर वकिलांचा बिनदाराचा निवारा

चारुदत्त डबीर वकील एकदा चंदीगडच्या उघड्या काँक्रीटच्या इमारती पाहून आले आणि तेव्हापासून यवतमाळातलं एकही घर त्यांना बघवेना. बार रूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी, त्यामुळे प्रवचन रोज माझ्याच वाट्याला. रंग दिलेली भिंत दिसली की नाक मुरडायचे. प्लास्टर म्हणजे खोटेपणा म्हणे! साक्षीदार पढवताना खोटेपणाचं हे वावडं कुठे जायचं, कोण जाणे.

२००६ साल होतं. कापसाच्या पट्ट्यात घरोघरचे कर्ते पुरुष जीव देत होते आणि शहरातल्या बड्यांना सेवेची उबळ आली होती. डबीरांनीही प्रतिष्ठान काढलं आणि मारेगावच्या रस्त्याला, मागे राहिलेल्या बायकांसाठी निवारा बांधला. उघड्या काँक्रीटचा एकच लांबलचक हॉल, पश्चिमेला खालपासून वरपर्यंत काच. आत ना भिंत, ना दार. भिंती माणसांना तोडतात, हा त्यांचा शोध.

जमनी तिथे राहायला आली. नवरा गेल्यापासून दीर दारू पिऊन तिच्या खोपटात शिरायचा, म्हणून तिने तांडा सोडला होता. आल्या आल्याच ती डबीरांना म्हणाली, "साहेब, थो इथंबी येईन. मले आतून कडी लागन असं एक दार द्या."

"अगं, मोकळ्या जागेत भीती राहतच नाही," डबीर म्हणाले.

इतकं मूर्ख व्हायला बरंच शिकावं लागतं. दिवा लावला की आतली बाई थेट रस्त्यावरून दिसायची. शेवटी जमनीने बिऱ्हाड उचललं आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. बांधकामाच्या वेळी चौकीदार तिथे झोपायचा, म्हणून त्याला दार होतं आणि आतून कडीही. तिथे ती निर्धास्त झोपू लागली.

पुढे एका मासिकाचे फोटोवाले यायचे ठरले आणि शेड डबीरांच्या डोळ्यात खुपू लागलं. दुसरा कोणी जाऊन चार शब्द बोलला असता. हे पडले वकील! जिच्यासाठी निवारा बांधला, तिलाच त्यांनी नोटीस धाडली: बेकायदा कब्जा ताबडतोब सोडावा. वर मसुदा मला कौतुकाने वाचून दाखवला. मला त्या माणसाची किळस आली.

नोटीस घेऊन जमनी कोर्टात आली. डबीर नव्हते, म्हणून मी ती समजावून सांगितली. म्हटलं, "लढू आपण. फी नको मला."

"लढाई नोको, साहेब. शेड पाडा म्हणा त्याइले. थे दार तेवढं मले देते का, इचारा."

मी विचारलं. डबीर म्हणाले, "रीतसर अर्ज करू दे. विश्वस्तांच्या बैठकीत ठेवतो."

बैठकीची वाट पाहील तर ती जमनी कसली! तिने बिजागऱ्या उचकटल्या, दार डोक्यावर घेतलं आणि कळंबजवळ बहिणीच्या खोपटाला नेऊन बसवलं.

डबीरांनी चोरीची फिर्याद दिली आहे. जमनीचं वकीलपत्र मी घेतलं आहे.