मांडी न मोडणारे व्याही

माझ्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, माझ्या डाव्या पायामुळे अडलं होतं.

चूक माझ्याच तोंडाची. होणारे व्याही, अभनपूरचे ठवरेसाहेब, फोनवर सहज म्हणाले, "आपल्याले खुर्ची नाही जमत. मी तासभर मांडी घालून बसतो." मी लगेच म्हणालो, "मी तर दोन तास हलत नाही!" (नोकरीभर ऑफिसच्या खुर्चीतच बसलो, पण ते कशाला सांगायचं?)

झालं! पुरानी बस्तीतल्या आमच्या घरी आम्ही दोघं समोरासमोर पाटांवर बसलो. गुरुजी निवांत. दहा मिनिटांत मुंग्या आल्या. अर्ध्या तासात पाय माझा राहिलाच नाही. खात्री करायला मी उपरण्याआडून जोरात चिमटा काढला. शेजारी बसलेली बायको किंचाळली!

"काहून चिमटे काढून राहिले? लोकं पाहून राहिले!"

"मले वाटलं, माझाच पाय आहे."

"खुर्ची आणू का?"

"खबरदार! ठवरेसाहेब बघ कसे बसून राहिले."

मागून आमची पल्लवी कुजबुजली, "पापा, प्लीज, कुर्सी ले लो ना!"

"चूप, पोट्टे! इज्जतीचा सवाल आहे."

तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "आता व्याह्यांनी उठून गळाभेट घ्यावी, मग अंगठ्या. मुहूर्ताची पाचच मिनिटं उरली."

"आधी तुम्ही उठा," ठवरेसाहेब म्हणाले.

"छे, मान तुमचा!"

"मुलीचे वडील तुम्ही!"

कोणीच उठेना. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली, "बिनसलं वाटते काही!" पल्लवीचे डोळे भरून आले. ते पाहून मला माझीच लाज वाटली. मी पुढे वाकून व्याह्यांच्या कानात म्हणालो, "साहेब, माझा एक पाय गेला."

"माझे दोन्ही गेले, भाऊ!"

मग आम्ही एकमेकांचे खांदे धरले आणि एक-दोन-तीन म्हणत उठलो. उठलो खरे, पण जो आधी सोडेल तो आपटणार! त्यामुळे कोणीच सोडेना. पोरानं-पोरीनं एकमेकांना अंगठ्या घातल्या, टाळ्या झाल्या, तरी आम्ही गळ्यात गळे घालून उभे.

"अंकलजी, अब तो छोड़ दीजिए!" फोटोवाला ओरडला.

"हव, हव," म्हणत आम्ही आणखी घट्ट धरलं. बायका पदरानं डोळे पुसू लागल्या. असं प्रेम कुठल्या व्याह्यांत नाही, असं आमचा सारा पारा, म्हणजे सारा मोहल्ला, म्हणतो.

फोटो आले तेव्हा बायको फुरंगटून म्हणाली, "इतक्या वर्षांत मले कधी धरलं का असं?"

मी लगेच तिला धरायला उठलो. पण फोटो पाहत तासभर मांडी घालूनच बसलो होतो, त्यामुळे थेट तिच्या पायांवर पालथा पडलो.

"राहू द्या, राहू द्या," ती विरघळून म्हणाली, "पाया नका पडू. एवढीही रागावली नाही मी!"