डाव्या दिव्यातलं पाणी

बाबाच्या टेम्पोच्या डाव्या दिव्यात पाणी धरायला लागलं, तेव्हा मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात मिक्सर बिघडो की घड्याळ, मलाच विचारायचे. बहुतेक वेळा मला येत नसे, पण तसं सांगायचा धीर होत नसे.

बाबा दिघाशीहून रोज राहनाळच्या गोदामात जायचा आणि तिथला माल गावोगावच्या दुकानांत पोचवायचा. त्या महिन्यात त्यानं दोनदा गाडी घासली. एकदा गोदामाच्या खांबाला, एकदा उभ्या रिक्षाला. दोन्ही वेळा संध्याकाळी, दोन्ही वेळा डावीकडून. गोदामाचा मॅनेजर म्हणाला, "चाचा, अब एक बार और हुआ, तो गाडी मत लाना."

घरी येऊन बाबा म्हणाला, "दिव्यात पानी शिरलंय, बाय. उजेडच फुटत न्हाय. तू कालेजात शिकते, बघ ना काय हाय ते."

"तिला आता गॅरेजच काढून दे," आई चुलीपासून म्हणाली.

काचेला आतून बारीक थेंब धरले होते. दिवा तापतो, विझल्यावर गार होतो आणि आतल्या हवेतली वाफ काचेवर बसते, एवढं मला माहीत होतं. ती वाफ बाहेर पडायला दिव्यामागे एक रबरी नळी असते, हे मोबाइलवर बघून कळलं. नळीत सुई घातली तर आतून काळपट रुई निघाली. आधी बाबा भिवंडीतल्या यंत्रमागांच्या गल्लीतून कापडाचे तागे न्यायचा, तेव्हाची असणार.

मग मी दिवा सोडवला, बल्ब काढला आणि दिवा दोन दिवस उन्हात ठेवला. बुटांच्या खोक्यांत ओल शोषणाऱ्या बारीक पुड्या असतात, त्या बाबानं गोदामातून खिसाभर आणल्या होत्या. रात्री त्या दिव्यात ठेवल्या. काचेच्या कडेनं चिकट सिलिकॉन भरलं. तिसऱ्या दिवशी पुड्या काढून दिवा परत बसवताना बाबा शेजारी बसून स्क्रू सांभाळत होता. एक त्याच्या हातातून निसटला. तो त्याच्या डाव्या पायाशीच पडला होता, तरी बाबा समोरची माती चाचपत राहिला. मी उचलून दिला. तेव्हाही माझ्या काही लक्षात आलं नाही.

दिवेलागणीला आम्ही गाडी शाळेच्या भिंतीसमोर उभी केली. बाबा आत बसला, मी भिंतीपाशी.

"लाव," मी म्हटलं.

भिंतीवर उजेडाचा एकच गोळा पडला. उजवा. डावा दिवा विझलेलाच होता. त्याची वायर जोडायला मी विसरले होते. मी तोंड उघडणार, तोच बाबाचा आवाज आला.

"बेस झालं, बाय. दोनी सारके दिसतात आता."

त्याला माझं मन राखायचं होतं, की खरंच तसं वाटत होतं, हे मला अजून कळलेलं नाही. मी गाडीपाशी गेले आणि दिव्यामागून हात घालून वायर जोडली. डावा दिवा लागला. काच अगदी स्वच्छ होती. मी बाबाकडे पाहत राहिले. तो समोरच बघत होता. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"बंद करू का?" त्यानं विचारलं.

"कर," मी म्हटलं. "आणि चावी दे माझ्याकडं."

का म्हणून त्यानं विचारलं नाही. चावी काढून माझ्या हातात दिली आणि दाराला धरून सावकाश खाली उतरला.

आठवड्यानं मी बाबाला डोळे तपासायला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, की डोळ्यांतला दाब वाढून नस सुकत गेली आहे. डाव्या बाजूचं तर फारसं दिसतच नसेल. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते औषधानं टिकवायचं.

"आन गाडी?" बाबानं एवढंच विचारलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

टेम्पो अंगणात उभा असतो. येणारा-जाणारा विचारतो, गाडी का काढत नाही. बाबा म्हणतो, "दिव्यात पानी धरलं होतं. माज्या पोरीनं काडलं." पुढचं तो सांगत नाही. मीही सांगत नाही.