चांदूरचा कल्हईवाला

भांडं हातात देण्याआधी तो ते उन्हाकडे धरायचा, आत डोकवायचा आणि म्हणायचा, "पाहा, तोंड दिसून राहिलं का? नसंन दिसत तं माझं काम बाकी आहे."

आमची ही एकदा म्हणाली, "दिसतंय हो चाचा, पण यांचं दिसतंय."

"मंग बाई, त्याले कल्हई काय करंन?"

असा कल्हईवाला तुमच्याही गल्लीत येऊन गेला असेल. आमचा अकोल्यात, शाळेमागच्या निंबाखाली बसायचा. जमिनीत खड्डा, खड्ड्यात कोळसे, कातडी भाता आणि नवसागराचा पांढरा धूर. धूर चौथीच्या वर्गात शिरला की मुलं खोकायची आणि माझं भूगोल शिकवणं बंद पडायचं. मुलांइतकाच मीही त्याचा ऋणी होतो. सगळं गाव त्याला चाचा म्हणे, म्हणून मीही.

ही गोष्ट पैनगंगेपलीकडच्या आगीची आहे. पलीकडे निजामाचं राज्य; आम्ही त्याला मोगलाई म्हणायचो. इकडे स्वराज्य आलं, पण मोगलाई त्यात यायला तयार नव्हती. तिथली माणसं एकमेकांवर उठली, गावं पेटली, आणि लोक पोराबाळांसकट नदी उतरून वऱ्हाडात येऊ लागले. एका शेठजींनी आपल्या बंद जिनिंगची शेड उघडून दिली. समिती झाली. माझं अक्षर वळणदार, म्हणून मला चिटणीस केलं. अक्षराखेरीज माझ्यात काही वळणदार नाही, हे पुढे दिसलंच.

स्वयंपाकाचे नऊ मोठे पितळी गंज होते. पहिल्या आठवड्यात चाचानं ते शेडमध्येच बसून झळझळीत करून दिले. त्या दिवशी हिंगोलीकडची एक बाई त्याची टोपी आणि दाढी पाहून कोपऱ्यात जाऊन बसली, ती दोन दिवस जेवली नाही. तिचा नवरा आणि दीर पलीकडे तिच्यासमोर मारले गेले होते. तिला मी काय शहाणपण शिकवणार?

तिच्या गावचे पाटील माझ्याकडे आले. "मास्तर, त्या माणसाला आमच्या भांड्याला हात लावू देऊ नका. एवढं ऐका आमचं."

समितीनं ऐकलं. गावातले बाकीचे कल्हईवालेही चाचाच्याच बिरादरीतले, तेव्हा कल्हई हा विषयच बंद झाला. चाचाला सांगायचं काम चिटणिसाचं.

"चाचा, सध्या समितीकडे खर्चाला पैसा नाही," मी म्हणालो.

"खर्च कोण मांगून राहिलं? कोयसे द्या फक्त."

आता आली का पंचाईत! मला सुचलं ते बोललो. "तसं नाही, चांदूरच्या एका दानी माणसानं तिथला कल्हईवाला पाठवायचं कबूल केलंय."

"हे तं बेस झालं," चाचा म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता.

त्यानंतर दोन महिने तो चांदूरचा कल्हईवाला माझ्या मानगुटीवर बसला. शाळेत जाता-येता चाचा मला थांबवायचा. "मास्तर, आला का तो? त्याले सांगा, मोठ्या गंजाच्या बुडाले दोन हात दे. चिंच त्या बुडाची कल्हई खाते." कधी विचारायचा, "कथील कोठून आणते तो? भेसळीचं असते आजकाल." एकदा तर पुडीत नवसागर बांधून दिला, "परगावचा माणूस आहे, त्याले कोठं भेटंन इथं?" मी पुडी खिशात घालून मान डोलावली. घरी आल्यावर ही म्हणाली, "अहो, सरळ सांगून का टाकत नाही?" मी म्हणालो, "वाईट वाटेल त्याला." कुणाला वाईट वाटायची मला धास्ती होती, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पावसाळ्यात अंबाडी आली. स्वस्त आणि भरपूर. सकाळची आंबट भाजी त्याच गंजात दुपारपर्यंत राहिली आणि तीच लोकांच्या ताटात गेली. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट ठेवलं की ते कळकतं, हे आमच्या हिला ठाऊक, चाचाला ठाऊक. समितीत आम्ही सगळे बापे. चार वाजेपर्यंत तीसचाळीस माणसं ओकू लागली. मी डॉक्टरांना बोलवायला माणूस पाठवला, तेवढ्यात शेडमध्ये कुणीतरी ओरडलं, "इख घातलं! नको म्हटलं म्हणून त्या कल्हईवाल्यानं इख घातलं!"

लोक निंबाकडे धावले. पुढे पाटील, हातात काठी. मी मागून. धावताना माझी एक चप्पल गेली, पण ती शोधायला थांबलो नाही, एवढीच माझी त्या दिवसाची मर्दुमकी.

चाचा एक तांब्या घासत होता. गर्दी पाहून उठला. आरोप ऐकल्यावर त्याला आधी समजलंच नाही.

"मी? मी तं दोन महिने भांडंच नाही पाहिलं. चांदूरचा कारागीर करून राहिला ना काम. मास्तर, सांगा ना यांले."

सगळे माझ्याकडे वळले. काठ्या तशाच वर.

खरं सांगतो, त्या क्षणीही मी दुसरी थाप शोधत होतो. सापडली नाही.

"चांदूरचा कुणी नाही," मी म्हणालो. "कुणी आलंच नाही. गंजांना दोन महिने कल्हईच झालेली नाही, त्यानंच भाजी कळकली. यांनी हात लावलेला नाही. आम्ही यांना मुद्दाम बोलावलं नाही."

"काहून?"

गर्दीतून कुणी विचारलं नाही. चाचानं विचारलं.

"लोकांना... नको होतं."

पाटलांनी काठी खाली केली. एकेक करून माणसं शेडकडे परतली. चाचा जिवंत उभा होता. मला वाटलं, आपण त्याला वाचवलं. तो तांब्याकडे पाहत होता.

"म्हणजे मी दोन महिने कोणाले अक्कल शिकवून राहिलो, मास्तर? तुमी आयकून घेत होते."

आवाज चढला नव्हता. तो खाली बसला आणि तांब्या पुन्हा घासू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो न बोलावता शेडमध्ये आला. दिवसभर बसून त्यानं नऊच्या नऊ गंज केले. पाटील दहा हातांवर बसून होते, राखणीला की शरमेनं, ते मला कळलं नाही. त्या दिवशी ती बाई जेवली का, हे पाहायची मला हिंमत झाली नाही. जाताना चाचानं कुणाला भांड्यात तोंड पाहायला सांगितलं नाही.

पुढे हिंदुस्थानची फौज पलीकडे गेली आणि चारसहा दिवसांत मोगलाई संपली. आमच्या शेडमधली माणसं गाठोडी बांधून परतली. मग नदीवरून दुसरी माणसं येऊ लागली, टोपीवाली, बुरख्यातली, गप्प. त्यांच्यासाठी समिती निघाली नाही. चाचाच्या दोन खोल्यांत अशी अकरा माणसं उतरल्याचं कानावर आलं. कोळशांपुरतं तरी विचारावं म्हणून मी दोनदा निघालो, दोनदा कोपऱ्यावरून परतलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "सारे अमरावतीले गेले. तिकडं कोणी ओयखत नाही म्हणे, म्हणून बरं."

अमरावती माझी सासुरवाडी. वर्षातून तीनचार फेऱ्या होतातच. कापूस बाजाराच्या मागे तो भाता घेऊन बसतो, असं मेव्हण्यानं सांगितलंय. टांगा तिकडे वळू लागला की मी टांगेवाल्याला म्हणतो, "जरा लांबून घे."

"काहून जी? हा तं सीधा रस्ता आहे."

"असू दे," मी म्हणतो. ही दुसरीकडे बघते.