डाव्या पायाची सवय

मोशीच्या सिग्नलजवळ माझा डावा पाय क्लच दाबायला गेला. ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं पेडल नसतं. पाय पडला ब्रेकवर. गाडी जागच्या जागी थबकली आणि मागच्या सीटवरून "आई गं" ऐकू आलं.

मी वर्कशॉपमध्ये तक्रारीच्या गाड्या चालवून बघतो. तेवीस वर्षं तेच करतोय, हे इथे सांगायला नको होतं.

गाडी गायकवाड सरांची. निवृत्त मास्तर. त्यांच्या मिसेसच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मुद्दाम ऑटोमॅटिक घेतली. पण ट्रॅफिकमध्ये धक्के बसतात, ही तिसरी तक्रार. आज उत्तर मिळालं नाही तर गाडी विकणार होते. मिसेस स्वतः उशी घेऊन मागे बसल्या होत्या, सर माझ्या शेजारी.

"बघा, तुमच्या हातूनही बसला," सर जवळजवळ आनंदाने म्हणाले. "म्हणजे दोष गिअरबॉक्समध्येच."

गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. धडधाकट गिअरबॉक्स उघडला असता, दहा दिवस गाडी अडकली असती, आणि धक्के तसेच राहिले असते.

"सर, तो धक्का गाडीचा नव्हता. माझ्या पायाचा होता."

सर माझ्याकडे वर्गात बघत असतील तसे बघत राहिले. मग मी त्यांना स्टिअरिंगवर बसवलं.

चाकणच्या दिशेला कारखान्यांची शिफ्ट सुटलेली, रस्ता तुंबलेला. पुढची गाडी दोन फूट सरकली की सर ॲक्सिलरेटर द्यायचे, लगेच ब्रेक. बिचारा गिअरबॉक्स पहिला की दुसरा, यातच गोंधळायचा.

मी म्हटलं, नुसता ब्रेक सोडा, गाडी आपोआप मुंगीच्या पावलांनी सरकते. पुढे जागा राहू द्या.

"जागा ठेवली की दुचाकीवाले घुसतात."

"घुसू द्या, सर."

सात दुचाक्या घुसल्या, एक टेम्पोही. सरांचा जीव वरखाली होत होता, पण पाय शांत राहिला. मागून आवाज येईना म्हणून वळून पाहिलं. बाईंना डुलकी लागली होती.

त्यांना जाग येऊ नये म्हणून सरांनी आवाज न करता तक्रार मागे घेतल्याची सही केली. गिअरबॉक्स उघडण्याआधी चालवणाऱ्याचे बूट बघावेत, माझेही, एवढं मी शिकलो.

घरी हे जरा रंगवूनच सांगितलं. बायकोने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"छान केलंत," ती म्हणाली. "आता मी गाडी चालवताना शेजारी बसून तुम्ही जो ब्रेक दाबता ना, तो पायही जरा मागे घ्या."