गिऱ्हाइकाची भाषा

नांदूरघाटच्या आठवडी बाजारात उज्ज्वलाचं मिरची-मसाल्याचं पाल कुठं, ते विचारावं लागत नाही. जिथं माणसं चालता चालता शिंकायला लागतात, तिथं ते असतं. एका अंगाला बांगड्यांचं दुकान, दुसऱ्या अंगाला जलालुद्दीनचाचांची फळं, आणि मधे पोतं अंथरून उज्ज्वला. आवाज खणखणीत, हिशेब तोंडी, आणि घासाघीस करणारं गिऱ्हाईक हसत हसत परतवायची हातोटी. विकण्यात तिला हरवणारं बाजारात कुणी नव्हतं. पण दिवाळीपासून ती उलटंच काहीतरी शिकत होती. ती विकत घ्यायला शिकत होती, आणि तेही पोर्तुगीज भाषेत.

तिचा नवरा बजरंग दोन वर्षांपूर्वी पोर्तुगालला गेला होता. तिथं प्लास्टिकच्या मोठमोठ्या मांडवांखाली रासबेरी नावाचं फळ पिकवतात, ते तोडायच्या कामावर. आता उज्ज्वलाचेही कागद होत आले होते. बजरंग फोनवर म्हणायचा, "कशाला शिकतीस? आमी समदे पंजाबचे, नेपाळचे, आपल्याकडचे. दुकानात जायचं, वस्तू उचलायची, पैसे द्यायचे. तोंड उघडायचं कामच न्हाई." दोन वर्षांत त्याला एकच शब्द पक्का आला होता. 'सीं', म्हणजे हो. कुणी काहीही विचारलं तरी तो मान डोलवून सीं सीं म्हणायचा आणि निभावून न्यायचा.

बाजारात तोंड न उघडता कसं जगायचं, हे उज्ज्वलाला समजण्यासारखं नव्हतं.

शिकवणारी शेजारीच मिळाली. चाचांची लेक खुशनुमा लिस्बनला राहून आली होती आणि बाळंतपणासाठी माहेरी होती. दुपारी उन्हानं बाजार विरळ झाला की ती लेकराला मांडीवर घेऊन मसाल्याच्या पालात येऊन बसायची.

"वहिनी, दुकानात शिरलं की पहिलं काय?"

"भाव."

"न्हाई ना! पहिलं बों दिआ. रामराम केल्याबिगर भाव इचारला तर त्यान्ला लई राग येतो. मग क्वांतु कुश्ता, म्हंजी केवढ्याला."

"आन् कमी कर, हे कसं म्हणायचं?"

"ते म्हणतच न्हाईत तिथं."

"मग त्याला बाजार कावून म्हणायचं?" उज्ज्वला म्हणाली, आणि टरबुजावर पाणी शिंपडणारे चाचा पलीकडून खो खो हसले.

असं करत किलो, अर्धा किलो, पाव, दूध, पिशवी, रस्ता कुठला, हे सगळं आलं. पण उज्ज्वलानं पहिल्याच दिवशी एक वाक्य हट्टानं मागून घेतलं होतं. तीन वर्षांपूर्वी बजरंगच्या पायात खिळा घुसला होता. केजला दवाखान्यात पेनिसिलीनची सुई दिली, आणि पाहता पाहता त्याचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं, श्वास अडकला. डॉक्टर हुशार, म्हणून वाचला. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा हे औषध नको, आणि त्याच्या जातीतल्या गोळ्याही नकोत. त्यांनी दोन-तीन नावं सांगितली. बजरंग ती विसरला, उज्ज्वला विसरली नाही. म्हणून तिनं घोकलं: 'उ मेउ मरीदु ए अलेर्जिकु आ पेनिसिलिना.' माझ्या नवऱ्याला पेनिसिलीन चालत नाही. मिरची तोलताना, भाकरी थापताना ती हे पुटपुटायची.

पालात मदतीला बसणारी सासू बायनाबाई ऐकून वैतागायची. "घशात पोपट पाळलाय जणू. दिवसभर आपलं कुश्ता अन् फुश्ता!" तिचं दुखणं वेगळं होतं. लेक गेला होता, आता सूनही चालली होती. पण ते ती बोलायची नाही, पोपटावरच राग काढायची. बायनाबाईनं वीस-बावीस हंगाम कर्नाटकात ऊस तोडला होता. टोळीतल्या सगळ्यांचा बाजार तिथं तीच करून आणायची.

अडचण एकाच ठिकाणी होती. उज्ज्वलाला विचारता यायचं, पण उत्तर कळायचं नाही. खुशनुमा दुकानदारीण होऊन भरभर बोलू लागली की उज्ज्वला कोऱ्या चेहऱ्यानं बघत राहायची. जिनं जन्मभर दुकानदाराचंच बोलणं केलं, तिला त्या भाषेत दुकानदारच कळत नव्हता.

"नांऊ पर्सेबु म्हणा," खुशनुमा सांगायची. "मला समजलं न्हाई."

"आन् त्यानं पुन्हा तेच सांगितलं तर?"

"पुन्हा नांऊ पर्सेबु."

"मग सांज हुईल की गं तिथंच."

चैत्र लागला. खुशनुमा नणंदेच्या लग्नाला परभणीला गेली. त्या आठवड्याच्या बाजारात भर दुपारी उज्ज्वलाचा फोन वाजला. बजरंगचा व्हिडिओ कॉल. तिकडं तेव्हा सकाळ, कामाची वेळ. तो रात्री काम आटोपल्यावरच फोन करायचा. उज्ज्वलानं तराजू खाली ठेवला.

पडद्यावर बजरंगचा चेहरा होता, पण ओठ जाड झाले होते. बोलणं तोंडात काहीतरी धरल्यासारखं.

"घसा धरला व्हता... खोलीतल्या पोरानं त्याची गोळी दिली... खाल्ली. आता अंगाला खाज सुटलीय."

"कसली गोळी? दावा मला. जवळ धरा."

त्यानं पाकीट कॅमेऱ्यासमोर धरलं. उज्ज्वलानं अक्षर अक्षर लावलं. अमॉक्सी... पुढचं वाचायची गरज पडली नाही. केजच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या नावांत हे नाव होतं.

"खोलीत कोण हाय?"

"कुनी न्हाई. समदे गेले कामाला."

"उठा. चपला घाला. ते हिरव्या क्रॉसचं औषधाचं दुकान दावलं व्हतं न्हवं, तिथं चला. फोन बंद करू नका. बोलू बी नका, नुसतं चला."

हिरवा क्रॉस तिनं एकदा त्याला गल्लीतून फिरायला लावून बघून ठेवला होता. किराणा कुठं, पावाचं दुकान कुठं, सगळं. तेव्हा तो वैतागला होता.

आता पडद्यावर पांढऱ्या भिंती हलत होत्या, मधेच आकाश, मधेच त्याचा पाय. आणि श्वास. तो श्वास ऐकून बायनाबाई मिरचीच्या ढिगामागून उठली आणि सुनेच्या खांद्याला खेटून उभी राहिली. चाचांनी गिऱ्हाइकाला थांबवून खुशनुमाला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

"लगीनघरात कोण ऐकतंय," ते पुटपुटले आणि तिसऱ्यांदा लावू लागले.

दार उघडल्याची घंटी वाजली. पांढरा कोट घातलेली, चष्मा लावलेली एक बाई दिसली. बजरंगनं फोन तिच्यापुढं केला.

"बों दिआ!" उज्ज्वला एवढ्या जोरात ओरडली की बांगड्यावालीकडच्या बायका वळून बघायला लागल्या. मग ते घोकलेलं वाक्य एका दमात: "उ मेउ मरीदु ए अलेर्जिकु आ पेनिसिलिना!"

बाईनं बजरंगच्या तोंडाकडं पाहिलं, त्याच्या हातातलं पाकीट ओढून घेतलं, आणि बोलू लागली. धरणाचं दार उघडावं तसं. उज्ज्वलाला त्यातला एक शब्द हाताला लागेना.

"नांऊ पर्सेबु!"

बाई पुन्हा बोलली, अजून भरभर, अजून मोठ्यानं. मग बजरंगकडं वळून तिनं काहीतरी विचारलं.

"सीं," बजरंग म्हणाला. "सीं, सीं."

उज्ज्वला फोनवर झुकली. "काय सीं? काय इचारलं तिनं? तुमाला कळलं का?" त्यानं मान डोलवली. "तुमी सीं म्हणू नका! एक शब्द बोलू नका!"

बाई बोलतच होती. तेवढ्यात बायनाबाईनं तिचा दंड आवळला.

"तिला बोलू देऊ नको."

"आत्या, थांबा जरा..."

"आगं ऐक! कानडी मुलखात पोरगी तापली व्हती तवा मी असंच केलं. त्यान्ला बोलू दिलं की आपण बुडतो. तू इचार. असं इचार की तिला हो न्हाईतर न्हाई, एवढंच म्हणता यावं."

उज्ज्वलानं हात वर केला, चिडलेल्या गिऱ्हाइकाला थोपवताना करायची तसाच. "सिन्योरा! सीं ओ नांऊ. सीं ओ नांऊ!" बाईसाहेब, हो की नाही, तेवढंच.

बाई थबकली. चष्म्याआडून तिनं फोनकडं नीट पाहिलं.

उज्ज्वलानं एक बोट दाखवलं, गोळी तोंडात टाकल्यासारखं केलं. "ओज," म्हणजे आज. मग स्वतःचा गळा दोन्ही हातांनी धरून दाखवला. "अंबुलांसिआ? सीं ओ नांऊ?"

"सीं," बाई म्हणाली आणि मागं वळून कुणाला तरी ओरडून सांगितलं. मग तीही तसंच करू लागली. छातीवर हात ठेवून एकच शब्द, भुवया वर. हृदयाचं काही? "नांऊ," उज्ज्वला म्हणाली. मग बाईनं दम्यासारखं ओढून श्वास घेऊन दाखवला. आधीपासून हाय का? "नांऊ, नांऊ."

बजरंग खुर्चीत बसला होता, की बसवला होता, कळलं नाही. फोन कुणीतरी टेबलावर उभा ठेवला होता. बाई परत आली तेव्हा तिच्या हातात सुई होती.

"सुई!" बायनाबाई किंचाळली. "उज्ज्वला, सुईनंच झालतं की गं मागं! नको म्हण तिला!"

बाईनं त्याच्या पँटवरून मांडी चाचपली. उज्ज्वलाला वाटलं, हिला थांबवलं आणि ती सुई खरी औषधाची असली, तर मी त्याला मारलं. नाही थांबवलं आणि ती दुसरीच असली, तरी मीच मारलं.

"सिन्योरा! पेनिसिलिना? सीं ओ नांऊ?"

बाईचा हात थांबला. तिनं मान वर करून सरळ कॅमेऱ्यात पाहिलं आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "नांऊ. नांऊ पेनिसिलिना."

"सीं," उज्ज्वला म्हणाली. "सीं. द्या."

सुई गेली. मग माणसांची पाठ, एक निळा सदरा, भोंग्याचा आवाज, कुणीतरी फोन उचलला, छत दिसलं आणि पडदा काळा झाला.

बाजार चालूच होता. एक म्हातारा येऊन धने किती म्हणून विचारत उभा राहिला. उज्ज्वलानं भाव सांगितला, पण हात उचलेना. बायनाबाईनंच खाली बसून धने तोलले, पुडी बांधली. तिनं मापापेक्षा बरेच जास्त घातले. चाचांनी एक टरबूज कापून दोघींपुढं ठेवलं. त्याला कुणी शिवलं नाही. फोन दोघींच्या मधे पोत्यावर होता. तो वाजला की दोघी दचकायच्या, आणि दर वेळी गावातलंच कुणीतरी असायचं.

पालं उतरायला लागली तेव्हा व्हिडिओ कॉल आला. दवाखान्याची पांढरी उशी आणि तिच्यावर बजरंग. ओठ अजून जाड होते, पण श्वास सरळ होता.

"बरं हाय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "उद्या सोडतेत म्हणं. ती औषधवाली बाई आलती बघायला. तू नर्स हायस का, असं कायतरी इचारीत व्हती."

"मग?"

"मी सीं म्हणलो."

उज्ज्वला हसायला गेली आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. बायनाबाईनं फोन हिसकावून घेतला. "गाढवा, जनमभर मुंडी डोलवतच ऱ्हाशील का रं? आता पहिलं न्हाई म्हणायला शिक!" एवढं बोलून तिचाही आवाज फुटला. फोन तिनं चाचांच्या हातात दिला. चाचा नुसते "बेटा, बेटा" म्हणत राहिले.

पुढच्या बाजाराला दुपार विरळ झाली, तशी बायनाबाई पोत्याच्या आतल्या बाजूला, तराजूमागं जाऊन बसली.

"मी दुकानदारीण. तू घे."

"आत्या, तुमाला कुठं येतंय ते?"

"तुला कुठं कळतंय? मग झालं की." आणि तिनं ऊसतोडीच्या मुलखातलं कानडी असं काही भरभर सुरू केलं, हातवारे, शिव्या सगळं धरून, की चाचा टरबूज बाजूला ठेवून ऐकायला आले. उज्ज्वला गोंधळली, हसली, मग हात वर करून म्हणाली, "सीं ओ नांऊ?"

"हां. आसं दडपून इचारायचं." बायनाबाईनं पुन्हा तोंड सुरू केलं. पुन्हा उज्ज्वलानं अडवलं. असं कितीतरी वेळ चाललं. शेवटी म्हातारीचा घसा सुकला. पाणी पिऊन तिनं मिरचीचे देठ मोडायला घेतले आणि खाली बघतच विचारलं,

"ते तुझं तिकीट जरा अलीकडच्या तारखेचं न्हाई का गं मिळायचं?"