पोटाचे फोटो आणि तापवलेली सँडल

आठव्या महिन्यात गर्भवतीने काय काळजी घ्यावी, याची यादी डॉक्टरीणबाईंनी मला दिली होती. ती एका चिठ्ठीवर मावली. त्याच महिन्यात पोटाचे फोटो काढून घेण्यासाठी काय तयारी करावी, याची यादी वैशाली नगरच्या छायाचित्रकाराने पाठवली; ती वाचताना मोबाइलचा पडदा पाच वेळा सरकवावा लागला. मी सहावीला विज्ञान शिकवते. सर्व सूचना वाचल्याशिवाय उत्तर लिहू नये, असे मुलांना रोज सांगते. म्हणून दोन्ही याद्या नीट वाचल्या.

दुसऱ्या यादीत जमिनीवर लोळणारा गुलाबी गाऊन होता, फुलांचा मुकुट होता, उंच टाचेची सोनेरी सँडल होती आणि नवऱ्याने पोटाकडे अचानक पाहून हरखून जायचे होते. हे अचानक जमावे म्हणून माझा नवरा आरशासमोर सराव करू लागला.

पहिली हरकत सासूबाईंनी घेतली. "आमच्या टायमाले पोट पदराखाली लपवत होतो. आता त्याच्यावर लाइट मारून दाखवाचं?"

शेवटी तडजोड झाली. पोटावर काजळाचा टिपका लावायचा. फोटोंसाठी घर पाहायला आलेला छायाचित्रकार म्हणाला, "माताजी, वो तो एडिटिंग में हट जाएगा।"

"हटवशील तर नजर तुझ्या कॅमेऱ्याले लागन," सासूबाई म्हणाल्या. टिपका कायम झाला.

सासरे, म्हणजे बाबा, पोलाद कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. भट्टी दुरुस्तीला काढली की कोणते काम कोणत्या तासाला, याचा तक्ता ते करत असत. तसाच तक्ता त्यांनी माझा केला आणि फ्रिजवर चिकटवला. रविवारी सकाळी फोटो. शनिवारी अकराला गाऊन घालून पाहणे. अडचण एवढीच, की शनिवारी अकराला माझी तपासणी होती.

"तपासणी सोमवारी करू," बाबा म्हणाले. "दवाखाना कुठी पळून चालला का?"

मी होकार दिला. हे वाक्य मुद्दाम सुटे लिहिते, कारण दोषांची वाटणी करताना लोक स्वतःचा वाटा विसरतात.

त्या आठवड्यात माझे फार कौतुक झाले. चेहरा भरला, असे शेजारीण म्हणाली. छायाचित्रकाराने व्हिडिओ कॉलवर पाहून 'ग्लो' असे निदान केले. डोके दुखू लागले. ते घालून पाहिलेल्या मुकुटाच्या तारेमुळे, असे ठरले. अंगठी निघेना; साबण लावावा, असे ठरले. प्रत्येक लक्षणाला घरात कोणाजवळ तरी उत्तर तयार होते. आणि निरीक्षण व अनुमान यांत गल्लत केली म्हणून मुलांचे गुण कापणारी मी मान डोलवत होते.

शनिवारी गाऊन बसला. सँडल बसेना. आठ दिवसांपूर्वी दुकानात तीच सहज चढली होती.

"सँडल आकसली," नवऱ्याने निष्कर्ष काढला.

बाबांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "प्लांटमध्ये बेअरिंग शाफ्टवर बसत नसे, तर आम्ही काय शाफ्ट तासत होतो? बेअरिंग तापवत होतो. आण रे तिचं केस वाळवाचं मशीन!"

पट्टा तापवला, ताणला, आणि सँडल खरोखरच चढली. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या.

"दुखते का?" सासूबाईंनी विचारले.

"नाही."

दहा मिनिटांनी ती काढली. पट्ट्याच्या जागी खोल खाच होती. मी नडगीवर अंगठा दाबून उचलला आणि मनात दहापर्यंत मोजले. खळगा जसाच्या तसा राहिला.

"मला दवाखान्यात जायचं आहे. आत्ता."

"अगं, सोमवारी है ना? पहले गाऊन तो उतार," नवरा म्हणाला.

मी शेवटच्या बाकासाठी राखून ठेवलेल्या आवाजात म्हटले, "गाडी काढ."

"कावून उभा हायस?" सासूबाई त्याच्यावर खेकसल्या. "काढ म्हणून राहिली ना पोरगी!"

दवाखान्यात नर्सने रक्तदाब दोनदा मोजला, तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाईंनी. मग त्यांनी पोटावर यंत्र फिरवले. नुसती खरखर. मी मोजू लागले. सातपर्यंत आले तेव्हा ठोके ऐकू आले, भरधाव आणि नियमित. त्या ठोक्यांची मालकीण आज दीड वर्षाची आहे, म्हणून हे थट्टेने लिहिता येते.

"सूज कधीपासून?"

"पायांवर रविवारपासून, चेहऱ्यावर मंगळवारपासून. डोकं बुधवारपासून दुखतंय."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. "इतकं अचूक माहीत होतं?"

रक्तदाब मला आणि बाळाला धोका व्हावा इतका चढला होता; त्यांनी तिथेच भरती करून घेतले. डाव्या कुशीवर झोपायचे आणि उठायचे नाही. गुलाबी गाऊनचा शेपटा पलंगाखाली लोळत होता. तो नर्सने पायाने सरकवला.

दाराशी बाबा डॉक्टरीणबाईंना विचारत होते, "मॅडम, उद्या सकाळी दोन तासांची सुट्टी भेटन का? दुपारच्या आत वापस आणून देतो."

"तुम्ही तिचे पाय पाहिले का?" हा आवाज सासूबाईंचा होता. "म्या पाहिले. मंगळवारीच पाहिले. म्हटलं, फोटो होऊन जाऊ दे, मंग सांगू."